झाडणे, पुसणे, धुणे : मोटारीच्या इंजिनकक्षाची घरगुती स्वच्छता

मराठीत स्वच्छतावाचक क्रियापदांची मोठी समृद्धी आहे. झाडणे, पुसणे, धुणे, घासणे, खरवडणे, विसळणे, पाखडणे ही क्रियापदे स्थूल दृष्टीने एकाच कुळातील वाटली, तरी साधन कोणते, पाणी किती आणि जोर किती हे प्रत्येकाने वेगवेगळे ठरवून दिलेले असते. तांदूळ आपण धुतो, गहू पाखडतो. भांडे घासतो, आरसा पुसतो. या अर्थभेदाचा उपयोग केवळ कोशकारालाच होतो असे नाही. मोटारीचे बॉनेट उघडून आतील भाग घरच्या घरी स्वच्छ करू पाहणाऱ्याला तो सुरक्षिततेचा नियमच ठरतो, एवढे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. बॉनेटखालच्या या जागेस मराठीत रूढ असे नाव नाही. येथे सोयीसाठी 'इंजिनकक्ष' असे म्हटले आहे.

प्रथम मळाचा विचार करू, कारण तो प्रदेशाप्रमाणे बदलतो. हिंगोली जिल्ह्यात (हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला) मोटारीत शिरणारी धूळ बहुतांशी काळ्या मातीची असते. या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात. पावसाळ्यात पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन ही त्याचीच दोन रूपे होत. तेव्हा कोरड्या धुळीवर एकदम पाणी ओतले, तर धूळ निघत नाही; तिचा चिखल होऊन तो रेडिएटरच्या जाळीत आणि तारांच्या जोडांत जाऊन बसतो. शिवाय सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत शेतरस्त्याने गाडी नेली की भुसा आत शिरतो आणि थंडीत उंदीर उबेसाठी तेथे काड्याचिंध्यांचे घर करतात. तेलकट पृष्ठभाग, वाळका पाला आणि तापलेले लोखंड यांचे सान्निध्य आगीला निमंत्रण देणारे आहे. स्वच्छतेचे खरे प्रयोजन हेच आहे. चकाकी ही गौण बाब. स्वच्छ भागावर तेलाची गळती तत्काळ दिसते आणि उंदराने कुरतडलेली तार वेळीच सापडते, हा आणखी एक लाभ.

म्हणून पहिले क्रियापद 'झाडणे'. मऊ कुंचला आणि कोरडे फडके घेऊन पाला, भुसा, सुटी धूळ आधी काढावी. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर रुमाल असावा.

आता 'पाणी मारणे' या प्रयोगाकडे वळू. मराठीत पिकाला पाणी देतात, अंगणात शिंपडतात, नव्या भिंतीवर मारतात. 'मारणे' या सहायक क्रियापदाने जोर आणि बेफिकिरी हे दोन्ही अर्थ सूचित होतात. भिंतीला ते मानवते. इंजिनकक्षाला मानवत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट किंवा २०१४ साली उत्पादन थांबलेली अँबॅसिडर यांच्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात पाणी गेले, तर गाडी बंद पडे; टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसले की ती पुन्हा सुरू होई. आजच्या गाडीत संगणकीय नियंत्रक, अनेक संवेदक आणि त्यांना जोडणारे शेकडो बारीक संपर्क असतात. त्यांच्या रबरी कडा पावसाच्या शिंतोड्यांना पुरतात, दाबाच्या फवाऱ्याला पुरत नाहीत. आत अडकलेले पाणी त्या दिवशी काहीच करत नाही. काही आठवड्यांनी संपर्कावर हिरवट गंज चढतो आणि गाडी कारणाशिवाय बिघडल्यासारखी वाटते. कारण आणि परिणाम यांत एवढे अंतर पडल्यामुळे पाणी मारण्याची प्रथा निर्दोष ठरून टिकून राहिली असावी.

'पाणी पाजणे' हा प्रयोगही येथे आठवतो. लोहार तापल्या हत्याराला पाणी पाजतो ते हेतुपुरस्सर, लोखंड कठीण करण्यासाठी. इंजिनाला लागून असलेल्या, धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या भागावर तो भाग तापलेला असताना थंड पाणी पडले, तर त्यास तडा जाऊ शकतो. यास्तव गाडी उभी केल्यावर निदान दोन तास थांबावे. रेडिएटरचे झाकण तर गरम असताना मुळीच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने उसळून अंगावर येते.

गाडी बंद असली तरी काही गाड्यांतील विजेचा पंखा आपोआप फिरू लागतो. हे टाळण्यासाठी बॅटरीची जोडणी सोडवावी, पण क्रम पाळून. ऋण टोकाची तार आधी काढावी, कारण गाडीचे सारे अंग ऋण टोकाशी जोडलेले असते. धन टोक आधी सोडवू लागल्यास पाना गाडीच्या पत्र्याला लागताच मोठी ठिणगी पडते. जोडताना क्रम उलटा : धन आधी, ऋण शेवटी. अंगठी, कडे, घड्याळ आधीच उतरवून ठेवावे. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असल्याने विडी-काडी दूर असावी. टोकांवरील पांढरट-हिरवी पूड आम्लयुक्त असते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने ती काढावी, हातमोजे घालून.

तेलकट थर काढण्यास पुष्कळजण रॉकेल, अर्थात घासलेट वापरतात, क्वचित पेट्रोलही. पेट्रोलविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, ते वापरूच नये. रॉकेल मात्र निरुपद्रवी समजले जाते. भारतीय मानकानुसार रॉकेलची वाफ ठिणगीने पेटण्याचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसावे, एवढीच अट आहे. हिंगोलीत मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणजे जो पदार्थ पौषात सुरक्षित, तोच वैशाखात अंगणातल्या अंगणात पेटू शकतो! शिवाय त्याने रबरी नळ्या फुगतात. भांड्याचा सौम्य साबण पाण्यात मिसळून ब्रशाने घासणे हे संथ पण पुरेसे आहे.

घासण्यापूर्वी अल्टरनेटर, फ्यूजची पेटी, एअर फिल्टरचे तोंड आणि उघडे जोड यांवर प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधाव्यात. नंतर पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावे, पाणी बदलून पुन्हा पुसावे, शेवटी कोरड्या फडक्याने टिपावे. 'धुणे' हे क्रियापद या सर्व विधीत कोठेही येत नाही. विजेवर किंवा दुहेरी इंधनशक्तीवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्यास त्यांना हात लावू नये; त्यांत प्राणघातक दाबाची वीज असते आणि साधी बॅटरी सोडवल्याने ती खात्रीने नाहीशी झाली असे समजू नये.

पुसून झाल्यावर पिशव्या, फडकी, ब्रश मोजून बाहेर काढावेत. पंख्याच्या पट्ट्यात राहिलेले एक फडके पुरेसा अनर्थ करते. बॉनेट उघडे ठेवून तासभर वाळू द्यावे, मग बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे. ते अडखळल्यास बंद करून आणखी वाळू द्यावे. उरलेले तेलकट पाणी विहिरीच्या किंवा नालीच्या दिशेने सोडू नये. ते भुशात किंवा लाकडाच्या भुकटीत जिरवून, ती भुकटी बंद डब्यात ठेवून, जळके तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावी.