बोटीचे इंजिन भर पुरात बंद का पडते?
गॅरेजवाल्या बंधूंनी पावसाळ्यापूर्वी शिकून घ्यावे असे काम

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही, खाडी नाही. तरीही बोटीच्या मागे अडकवायचे इंजिन, ज्याला सरकारी कागदात 'ओबीएम' म्हणजे आउटबोर्ड मोटर म्हणतात, ते आपल्याला परके नाही. वर्धा नदी जिल्ह्याच्या हद्दीवरून वाहते. वणा, धाम आणि बोर या नद्या आतून वाहतात. बोर धरण आहे, आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा प्रकल्पाचा जलाशय आहे. जुलै 2022 मध्ये हिंगणघाट व समुद्रपूर भागात पुराने काय हाल केले, ते वाचक विसरलेले नाहीत. अशा वेळी पाण्यात अडकलेल्यांना आणायला बोटच लागते, आणि धारेच्या विरुद्ध नुसत्या वल्ह्यावर फार जाता येत नाही.

अडचण अशी की हे इंजिन वर्षाचे दहा-अकरा महिने कोठीत पडून असते आणि नेमके संकटाच्या दिवशी बाहेर निघते. दोरी ओढली की सुरू होते, पाच-दहा मिनिटे चालते आणि धारेच्या मध्यावर गप्प बसते. करंट ठीक असेल तर अशा बंद पडण्याचे कारण बहुधा एकच असते: पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत नीट पोहोचत नाही. हे काम मुंबई-नागपूरच्या मिस्त्रीचेच आहे असे नाही. ज्याने लुना आणि बजाज स्कूटरचे कार्बोरेटर आयुष्यभर खोलले, त्याला ते जमते. फक्त एक मोठा फरक आधी समजून घेतला पाहिजे.

स्कूटरहून वेगळे काय?

जुन्या स्कूटरची व लुनाची टाकी कार्बोरेटरच्या वर असते. पेट्रोल आपल्या वजनाने खाली येते. नळीला भेग पडली तर ते टपकते आणि दोष डोळ्यांना दिसतो. बोटीची सुटी टाकी मात्र बोटीच्या तळाशी, कार्बोरेटरच्या खाली ठेवलेली असते. तेथून पेट्रोल ओढून वर चढवावे लागते. म्हणून चालू इंजिनात नळीला बारीक भेग असली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि इंजिन मात्र उपाशी राहते. स्कूटरच्या सवयीने जो 'गळती नाही, म्हणजे नळी चांगली' असे धरून चालेल, तो दिवसभर कार्बोरेटर खोलत बसेल.

पेट्रोलचा रस्ता असा: टाकी, टाकीतली उचल-नळी व तिची जाळी, रबरी नळी, नळीच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा, इंजिनाला जोडायचा खटका, फिल्टर, पडद्याचा पंप आणि शेवटी कार्बोरेटर. दोष या साखळीत कुठे आहे, ते टोकापासून टोकापर्यंत क्रमाने पाहावे. एकदम मध्येच पाना लावू नये.

फुगा काय सांगतो?

फुग्यावर बाण असतो. त्याचे तोंड इंजिनाकडे हवे. उलटा बसवलेला फुगा पेट्रोल जाऊच देत नाही. बाण वरच्या दिशेला धरून फुगा दाबावा. चांगल्या व्यवस्थेत तो काही वेळा दाबल्यावर कडक होतो. तसे झाले नाही तर पुढील खुणा पाहाव्यात.

फुगा दाबून दाबून नरमच राहिला, तर कुठून तरी हवा शिरते आहे, टाकीत पेट्रोलच नाही किंवा फुग्यातली झडप गेली आहे. नळीची टोके, क्लिपा आणि खटक्यातले रबरी कडे तपासावे. हे कडे अगदी स्वस्त असते, पण त्रास मोठा देते.

चालू इंजिनात फुगा चपटा होऊन आत बसला, तर अडथळा फुग्याच्या मागे, म्हणजे टाकीकडे आहे. पहिला संशय टाकीच्या झाकणावरील हवेच्या स्क्रूवर घ्यावा. तो बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही, आत ओढ निर्माण होते आणि पंपाची ताकद कमी पडते. दहा मिनिटांनी इंजिन बंद, झाकण सैल केले की 'सू' असा आवाज आणि पुन्हा सुरू, ही त्याची पक्की खूण. हवेचा स्क्रू उघडा असूनही फुगा चपटा होत असेल, तर उचल-नळीची जाळी काढून पाहावी.

फुगा कडक आहे पण इंजिन सुरू होत नाही, तर पेट्रोल पंपाच्या किंवा कार्बोरेटरच्या तोंडाशी अडले आहे. फ्लोटची सुई चिकटली असेल किंवा जेट बंद असेल. उलट फुगा कधीच कडक होत नाही आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहते, तर सुई बंदच होत नाही असे समजावे.

फुगा हाताने दाबत राहिले तरच इंजिन चालते, सोडला की बसते, तर पंपाचा पडदा तपासावा. टू-स्ट्रोक इंजिनात हा पडदा क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारावर हलतो. तो कडक झाला किंवा त्याला भोक पडले की पंप ओढत नाही. पडदा आणि पॅकिंग दोन्ही बदलावीत.

या सर्वांच्या आधी एक सोपी परीक्षा आहे. दुसरी चांगली टाकी तिच्या नळी-फुग्यासह जोडून पाहावी. इंजिन नीट चालले तर दोष आधीच्या टाकीत किंवा नळीत, नाही चालले तर इंजिनावर. अर्धे काम येथेच होते. हवेचा संशय असेल तर फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा लावावा. बुडबुडे दिसले की उत्तर मिळाले.

पाणी आणि इथेनॉल

आता पेट्रोलच बदलले आहे. 2022 मध्ये देशाने पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचा. इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी महिनोनमहिने ठेवली की ते पाणी साठते, आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून फुटून तळाशी बसते. उचल-नळी तर तळातूनच ओढते.

तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर ते सर्व पेट्रोल काढून टाकावे. वर नवे पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. टू-स्ट्रोकमध्ये धोका अधिक, कारण मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि इंजिनात जातो तो खालचा बिनऑइलचा थर. शिवाय जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या व पडदे इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. म्हणून नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्याव्यात आणि टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी

इंजिन फक्त चोक ओढूनच चालत असेल, तर 'चालते ना' म्हणून सोडून देऊ नये. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जाते. जेट अर्धा बंद असेल तर पिस्टनला पेट्रोल कमी आणि वंगणही कमी. जोराने चालवले की पिस्टन जाम. पन्नास रुपयांच्या दोषातून पूर्ण इंजिनचे काम निघते. अनेक टू-स्ट्रोक आउटबोर्डांना 50 ला 1 हे प्रमाण लागते, म्हणजे एका लिटरला 20 मिली आणि 10 लिटरला 200 मिली. तरी त्या इंजिनाची पुस्तिका पाहूनच प्रमाण धरावे. ऑइल मोटारसायकलचे नको, टीसी-डब्ल्यू3 असे लिहिलेले बोटीचेच हवे. फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नसते.

इंजिन मोकळे धावते पण हळू चालत नाही, तर लहान जेट पाहावा. हळू चालते पण जोर धरत नाही, तर फिल्टर, पंप किंवा मोठा जेट. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे.

दोन सूचना विसरू नयेत. इंजिन कोरडे चालवू नये. पाण्याच्या पिंपात, पाणी ओढणारी जाळी पूर्ण बुडवूनच चालवावे, नाहीतर पाण्याच्या पंपातले रबरी चाक काही क्षणांत जळते. दुसरी, सुटी टाकी बोटीतून खाली उतरवून भरावी आणि जवळ बिडी, ठिणगी काही नको.

धंद्याच्या दृष्टीने

या कामात रोजचे गिऱ्हाईक नाही, हे खरे. पण हंगाम ठरलेला आहे. एप्रिल-मेमध्ये तपासणी, पूर ओसरल्यावर सर्व्हिसिंग. हंगामानंतर टाकीची नळी काढून, पिंपात इंजिन पेट्रोल संपेपर्यंत चालवून, कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवली तर पुढच्या वर्षीचे निम्मे दोष उद्भवतच नाहीत. हे काम वार्षिक करारावर घेता येते. त्यासाठी तहसील कार्यालय, नगर परिषद आणि जलाशयावरील मच्छीमार सहकारी संस्था यांच्याकडे पाऊस पडण्याआधी जाऊन बोलावे. सरकारी काम हवे तर उद्यम नोंदणी, पक्के बिल आणि लेखी दरपत्रक तयार असावे.

सोबत एक लहान डबा ठेवावा: फुगा, नळी, क्लिपा, खटक्याचे रबरी कडे, फिल्टर, पंपाचा पडदा, पॅकिंग आणि प्लग. असाच एक डबा बोटीतही ठेवायला सांगावे. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. काय बदलले आणि किती मिनिटे इंजिन चालवून पाहिले, ते बिलावर लिहावे. पिंपात दोन मिनिटे चालवून 'ठीक आहे' म्हणणे या कामात चालत नाही, कारण हवेच्या स्क्रूचा किंवा पंपाचा दोष दहा मिनिटांनंतरच बाहेर येतो. निदान अर्धा तास चालवून मगच इंजिन परत द्यावे.

रस्त्यावर बंद पडलेली स्कूटर ढकलत घरी नेता येते. पुरात बंद पडलेली बोट धार नेईल तिकडे जाते, आणि तिच्यात बायका-मुले बसलेली असतात. आमच्या कारागीर बंधूंनी हे काम हाती घेताना एवढे ध्यानात ठेवावे.