धर्मग्रामाची शाळा आणि आपली मुले

गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला. चहा संपेपर्यंत इकडचेतिकडचे बोलला आणि मग मुद्द्यावर आला. "मामू, पोरीला चर्चच्या शाळेत घालू का? तुम्ही आपाला तिथंच घातलं होतं ना?"

त्याला जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगतो. कारण हा प्रश्न आमच्या वसईतल्या एखाद्या मुसलमान घराचा नाही. प्रवेशाचे दिवस जवळ आले की हिंदू, जैन, बौद्ध घरांतही हीच चर्चा सुरू होते. शिस्त चांगली, अभ्यास चांगला, पण आपल्या पोरांचे पुढे काय होईल, ही धाकधूक सगळीकडे सारखीच असते.

आधी शाळा कोणाची ते नीट समजून घ्यावे. आपण सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतो. वास्तविक कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा, सिस्टर लोकांचा मठ. त्यांनी चालवलेली शाळा ती कॉन्व्हेंटची शाळा. जेज्वीट किंवा सेलेशियन अशा संघांच्या शाळा वेगळ्या. आणि तिसरी, गावच्या चर्चला जोडलेली शाळा. वसईकडे पॅरिशला 'धर्मग्राम' असा सुंदर मराठी शब्द आहे. धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू बहुधा या शाळेचे व्यवस्थापक असतात आणि वर धर्मप्रांताची देखरेख असते. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला. त्याआधी हा भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतात होता. यापलीकडे एक चौथा प्रकार आहे. पाटीवर 'सेंट' किंवा 'कॉन्व्हेंट' लिहिलेले असते, पण चर्चशी काडीचा संबंध नसतो. नावाला भुलून फी भरणारे पालक मी पाहिले आहेत.

धर्मग्रामाची शाळा मुळात कोणासाठी? त्या चर्चच्या लेकरांसाठी. त्यामुळे प्रवेशात त्यांचा नंबर आधी लागतो, याचे वाईट वाटून घेऊ नये. आपल्या अंजुमनच्या शाळांनाही तोच अधिकार आहे. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना देण्याची शिक्षणहक्क कायद्याची अटही अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले. त्या निकालाविषयी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी शंका व्यक्त केली आणि प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवले. सांगायचे एवढेच, की त्या पंचवीस टक्क्यांच्या भरवशावर या शाळेच्या दारात जाऊ नये.

आता वसईविषयी थोडे. इथल्या कॅथलिकांची भाषा मराठी. कुपारी असोत, वाडवळ असोत की कोळी, घरात आपापली बोली आणि चर्चमध्ये मराठी मिस्सा. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आम्हाला घरचाच माणूस अध्यक्ष झाल्यासारखे वाटले. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेही ओवीबद्ध. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, तोही ओवीतच. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला म्हणूनच ही शाळा कधी परकी वाटली नाही. मुलीला मी तिथे घातले ते मराठी माध्यमासाठी. आज अनेक पालक तिथे इंग्रजीसाठी जातात, तो भाग वेगळा.

पण माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे.

२००७ साल. मुलगी चौथीत होती. तिच्या वर्गातल्या कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास असे आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा. बहुतेक कॅथलिक शाळांत अशीच पद्धत असते. प्रवेशाच्या वेळी मला तसे तोंडी सांगितलेही होते. त्या वर्षी खोली कमी पडली म्हणून सगळी मुले एकाच तासाला बसू लागली. मला पत्ता नव्हता. सहामाहीनंतर तिच्या दप्तरात एक चाचणीचा कागद सापडला. सगळी उत्तरे बरोबर, एक जागा कोरी. प्रश्न येशूच्या क्रुसावरच्या मरणाचा होता.

"उत्तर येत नव्हतं का?" मी विचारले.

"येत होतं अब्बा. पण दादी म्हणते ईसा पैगंबरांना सुळावर चढवलंच नाही, अल्लानं त्यांना वर उचललं. लिहिलं असतं तर दादी खोटी पडली असती. नसतं लिहिलं तर बाई."

आठ-नऊ वर्षांच्या पोरीने तो प्रश्न महिनाभर एकटीने वागवला होता. ना मला बोलली, ना बाईंना. माझ्या अम्माने कागद पाहिला आणि शाळाच बदला म्हणाली. दोन दिवस घरात कोणी धड जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना भेटलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण भांडण झाले नाही. त्यांनी कागद पाहिला, बराच वेळ गप्प बसल्या, आणि पुढच्या आठवड्यापासून इतर मुलांना वाचनालयात बसवायची सोय केली. घरी मी अम्माला एवढेच म्हणालो, की कुराणातली एकोणिसावी सूरा बीबी मरियमच्या नावाची आहे. पोरीला हे दोन्ही घरांनी सांगितले असते, तर ती अशी अडकली नसती. मुलीला सांगितले, की त्यांच्या ग्रंथात असे आहे, आपल्यात तसे आहे. परीक्षेत 'ख्रिस्ती लोक असे मानतात' असे लिहिले, तर कोणीच खोटे पडत नाही.

नंतर मी वाचत गेलो. घटनेच्या २८ व्या कलमात स्पष्ट आहे, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. खुद्द चर्चचेही म्हणणे निराळे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन घोषणापत्रे काढली, एक शिक्षणाविषयी आणि दुसरे इतर धर्मांविषयी. त्या दुसऱ्यात मुसलमानांचा आदराने उल्लेख आहे. येशूला आम्ही देव न मानता पैगंबर मानतो आणि मरियमचा मान राखतो, याचीही त्यात नोंद आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या, की इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळच्या सभेत राज्यघटनेची उद्देशिका म्हणून घ्यावी.

म्हणजे कायदा आहे, चर्चचे धोरणही आहे. पण खोली कमी पडली की धोरण तिथेच अडते. म्हणून विचारावे लागते.

भाच्याला मी पाच गोष्टी लिहून दिल्या. शाळा नक्की कोणाची, धर्मग्रामाची की नुसत्या नावाची? अनुदानित की विनाअनुदानित, आणि फीखेरीज वर्षभरात काय काय मागतात? माध्यम कोणते, आणि मराठी किती राहते? धर्मशिक्षणाच्या तासाला आपली मुले कोणत्या खोलीत बसतात आणि त्यांना कोण शिकवते? हे तोंडी न ठेवता अर्जासोबत लिहून द्यावे. आणि पाचवी गोष्ट, शुक्रवारची नमाज, रमजान आणि ईद यांचे काय? रोज्याच्या दिवसांत क्रीडादिन आला तर पोराला सवलत मिळते का? हे विचारताना संकोच नको. चांगली शाळा रागावत नाही, आणि रागावलीच तर तेही आधीच कळलेले बरे.

उलट बाजूनेही एक हिशेब आहे. शाळेने आपल्या पोराला धर्म शिकवू नये असे म्हणायचे आणि घरीही काही सांगायचे नाही, हे बरोबर नाही. माझी मुलगी संध्याकाळी मशिदीतल्या मदरशात जायची. दोन्हीकडे पाठांतर उत्तम होते. या दोन पाठांतरांबद्दल तिच्याशी बोलायचे काम माझे होते, आणि तेच राहून गेले होते.

भाचा गेल्यावर मुलीला फोन केला. आता ती स्वतः नोकरी करते. पाच प्रश्नांची यादी वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "यादी चांगली आहे अब्बा. पण हे सगळे प्रश्न शाळेला आहेत. भाईजानला सांगा, आठवड्यातून एकदा पोरीलाही विचारत जा."

तो सहावा प्रश्न मी भाच्याला त्याच रात्री कळवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)