काड्या चार, तरी फोटो चढत नाही! वऱ्हाडात नेट अडतं कुठं?

अमरावती/अकोला : वावरात उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढला, फोनवर रेंजच्या चार काड्या आहेत, पण अपलोडचं चाक फिरतच राहतं. रेशन दुकानात मशीन थांबतं, अंगणवाडीत नोंद चढत नाही. 'टॉवर कमजोर आहे' म्हणून सगळे मोकळे होतात. बऱ्याचदा टॉवर कमजोर नसतो.

काड्या सांगतात, आवाज किती मोठा आहे. नेट चालतं ते आवाज किती स्वच्छ आहे त्यावर. बहिरमच्या जत्रेत शेजारच्या दोन दुकानांचे भोंगे एकदम वाजले तर आवाज मोठा असतो, पण शब्द एकही कळत नाही. तसंच हे. शिवाय किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते, त्यामुळे एकाच ओट्यावरचे दोन फोन वेगवेगळ्या काड्या दाखवतात.

एक लाट नाही, शेकडो ओळी

फोरजीचा टॉवर माहिती एकाच जाड लाटेवर पाठवत नाही. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती ६०० बारीक लाटांवर वाटली जाते, दोन लाटांत अंतर १५ किलोहर्ट्झ. कपाशीच्या ओळींसारखं समजा. दोन-चार ओळी पाण्यात बसल्या तरी बाकीचं वावर उभं राहतं, आणि बुडालेली माहिती इतर ओळींवर पाठवलेल्या जादा खुणांवरून फोन पुन्हा जुळवून घेतो. ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्सचे रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्ये मांडली. फाईव्हजीही त्याच पायावर उभं आहे.

ओळी बुडतात त्या प्रतिध्वनीमुळे. टॉवरची लाट सरळ येते, तशी टेकडीवर, पाण्याच्या टाकीवर, टिनाच्या शेडवर आपटूनही येते. दोन लाटा उलटसुलट भेटल्या की काही ओळी पुसल्या जातात. १८०० मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. म्हणून फोन हातभर सरकवला की कधी कधी नेट धावायला लागतं. त्यात जादू काही नाही.

मेळघाटातली अडचण वेगळी

प्रतिध्वनी पचवण्यासाठी प्रत्येक संदेशाच्या आधी थोडा वेळ राखीव असतो, साधारण ४.७ मायक्रोसेकंद. तेवढ्यात लाट १.४ किलोमीटर जाते. म्हणजे सरळ लाटेपेक्षा १.४ किलोमीटरपर्यंत जास्त फिरून आलेला प्रतिध्वनी चालतो. त्याहून उशिरा आला, तर मागचा संदेश पुढच्यावर सांडतो.

आता सेमाडोह किंवा हरिसालसारखं दरीतलं गाव डोळ्यांपुढे आणा. घरामागे ८०० मीटरवर कडा असेल, तर तिथं जाऊन परत येणारी लाट १.६ किलोमीटर जादा फिरते. सरळ लाट जोरात असली तर हा प्रतिध्वनी दबून जातो. मध्ये डोंगर आडवा आला की मात्र तो बरोबरीचा ठरतो. हरिसालला २०१६ च्या सुमारास राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टनं 'डिजिटल गाव' म्हणून निवडलं होतं, पण गाविलगडाचे डोंगर काही त्यामुळे बाजूला सरत नाहीत. अशा ठिकाणी टॉवर दिसेल अशी उंच जागा शोधणं हाच खरा उपाय.

अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडच्या सपाट भागात उलटं घडतं. तिथं अडवायला डोंगर नाही, म्हणून एकाच कंपनीचे दोन-तीन टॉवर सारख्याच जोरानं ऐकू येतात. फोरजीत शेजारचे टॉवर बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. मग काड्या भरपूर आणि नेट ठप्प! इथं गच्चीवर चढल्यानं कधी जास्तच बिघडतं. त्यापेक्षा घराच्या ज्या बाजूला एकच टॉवर समोर येतो आणि दुसरा भिंतीआड जातो, त्या बाजूला बसून पाहा.

फोनमध्ये काय पाहायचं

सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' उघडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. उणे ८५ चांगला, उणे ११५ म्हणजे जेमतेम. नेटवर्क तपासणारं एखादं मोफत अॅप 'एसआयएनआर' हा आकडाही दाखवतं. स्वच्छता त्यातच कळते. २० च्या वर असेल तर उत्तम, शून्याखाली गेला तर काड्या कितीही असोत, फोटो रखडणारच.

टिनाच्या छपराखाली लाट अडते, कवेलूच्या घरात त्यामानानं बरी येते. फोरजी फोनला किमान दोन अँटेना असतात. दोन वाटांनी आलेली माहिती वेगळी ओळखण्याची ही विद्या पुढे आणण्यात भारतीय नौदलात काम केलेले शास्त्रज्ञ आरोग्यस्वामी पॉलराज यांचा मोठा वाटा आहे. धातूचं कव्हर लावून किंवा फोन दोन्ही मुठींत आवळून त्या अँटेना झाकू नका.

बीएसएनएलचं सिम असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. ही कंपनी फोरजीसाठी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झ वापरते. ७०० ची लाट झाडीतून लांब जाते, पण ती पकडायला फोनमध्ये 'बँड २८' लागतो. अनेक जुन्या फोरजी फोनमध्ये तो नाही, आणि दोष मात्र टॉवरला लागतो.

बाजारात मिळणारा 'सिग्नल बूस्टर' घेऊ नका. तो आवाजासोबत गोंगाटही वाढवतो, आसपासच्या सगळ्यांचं नेट बिघडवतो, आणि परवान्याशिवाय बसवणं बेकायदेशीर आहे.

एवढं करूनही जमत नसेल तर कंपनीच्या १९८ या क्रमांकावर तक्रार करा. नुसतं 'रेंज नाही' म्हणू नका. गाव, जागा, वेळ आणि वरचे दोन आकडे सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचा नकाशा वेबसाइटवर द्यावा लागतो. नकाशात आपलं गाव रंगवलेलं असेल आणि फोनवर आकडा उणे १२० असेल, तर दोन्हींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.