किटलीचा लाल दिवा : खरा की खोटा?

गाडीच्या डॅशबोर्डवर किटलीच्या आकाराचा एक लाल दिवा असतो. तोटीतून तेलाचा थेंब गळतोय, असं ते चित्र. चावी फिरवली की तो पेटतो आणि इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत विझतो. चालत्या गाडीत तो पेटला, तर पुष्कळ जण म्हणतात, "स्विच खराब असेल, खोटा दिवा आहे." कधीकधी तो खरोखरच खोटा असतो. पण हे ठरवायचं कसं आणि ठरेपर्यंत काय करायचं?

पहिली गोष्ट, हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही. ऑइलला दाब आहे की नाही, ते सांगतो. इंजिनातला पंप ऑइल दाबाने बेअरिंगपर्यंत पोचवतो. तिथे ऑइलचा पातळ थर असतो, म्हणून धातूवर धातू घासत नाही. दाब गेला की हा थर तुटतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं.

दिव्यामागची रचना मात्र साधी. बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिनावर एक स्विच आणि त्याला एकच वायर असते. दाब नसला की स्विच त्या वायरला अर्थ देतो, दिवा पेटतो. दाब आला की जोड सुटतो, दिवा विझतो. बऱ्याच गाड्यांत हा जोड ०.३ ते ०.५ बार इतक्या थोड्या दाबालाच सुटतो. चालत्या इंजिनात दाब याच्या कितीतरी पट हवा. म्हणजे दिवा खरा असेल, तर दाब नुसता कमी झालेला नाही, जवळजवळ संपलेला आहे.

म्हणून दिवा पेटला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. पाच-दहा मिनिटांनी, सपाट जागी, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहा. ऑइल कमी असेल तर भरा. त्यानंतरही दिवा विझला नाही, किंवा ऑइल मुळातच पुरेसं होतं, तर गाडी चालवू नका, ओढून न्या.

गॅरेजमध्ये पहिली परीक्षा वायरची. स्विचवरची वायर काढून मोकळी धरायची आणि इंजिन सुरू न करता चावी फिरवायची. दिवा तरीही पेटला, तर वायर कुठेतरी घासून किंवा उंदराने कुरतडून बॉडीला टेकली आहे. दिवा विझला, तर वायर निर्दोष; दोष स्विचचा किंवा खरोखर दाबाचा. नव्या गाड्यांत सेन्सर कॉम्प्युटरला जोडलेला असतो, तिथे ही परीक्षा चालत नाही. स्कॅनर लावावा लागतो.

इथेच घाई होते. आमच्या शेजारच्या काकांची गाडी घाट चढून आली की सिग्नलला दिवा लुकलुकायचा. गॅरेजवाल्याने दोनदा स्विच बदलला. मी म्हटलं, "काका, आता तिसरा स्विच नको. त्याच जागी प्रेशर गेज लावायला सांगा." गेज लावलं, तर गरम इंजिनाचा दाब खरंच पडत होता. ऑइल वेळेवर न बदलल्याने पंपाची जाळी गाळाने भरली होती. जाळी साफ झाली, दिवा विझला. आणखी काही महिने तशीच गाडी चालली असती, तर नवं इंजिन घ्यावं लागलं असतं.

तेव्हा गेजवरचा दाब कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळला, तरच स्विचला खोटा म्हणा. आणि जुनी गाडी घेताना चावी फिरवून किटली पेटते का, ते जरूर पाहा. पेटलीच नाही, तर बल्ब गेला आहे, वायर तुटली आहे किंवा कुणीतरी मुद्दाम काढून ठेवली आहे. असा मुका दिवा खोट्या दिव्यापेक्षा जास्त धोक्याचा.