मुलगा आठवीत, पोटगी बालवाडीतली

"नवरा कमावतो किती?"

"गोव्यात गवंडीकाम करतो, बाई. रोख घेतो. मला काय सांगणार?"

कर्नाटकातल्या जोयड्यात एका वकीलबाईंच्या टेबलावर एका घटस्फोटित आईची पोटगी वाढवून मागण्याची तयारी चालली होती. घटस्फोट झाला तेव्हा मुलगा बालवाडीत होता, रक्कम तेव्हाचीच. समोर उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, मुलांचा खर्च अशा रकान्यांचं प्रतिज्ञापत्र. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ते दोन्ही पक्षांना बंधनकारक केलं. पगारपत्रक नसलेल्या माणसाचं उत्पन्न त्यात लिहायचं कसं, हीच खरी मेख.

बाई आडून विचारत राहिल्या. कामाला कुणाबरोबर जातो? मोटारसायकल नवी की जुनी? हप्ता कुठल्या बँकेचा? "हप्ता फेडतो ना, मग कमाई आहे," असं म्हणत त्यांनी टिपून घेतलं. मग मुलाचा खर्च. तिने फी आणि वह्या सांगितल्या अन् गप्प झाली. रेनकोट, चप्पल, औषधं, जेवण हे बाईंनीच वदवून घेतलं. आईने पदरचं घातलेलं तिच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं.

परिस्थिती बदलल्याचं सिद्ध झालं, तर दंडाधिकारी रक्कम बदलू शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 127 खाली होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली आहे. रक्कम कमी करून मागायला नवराही येऊ शकतो.

कराच्या सवलतीचं मी विचारलं, तर बाई हसल्या. आपल्याकडे पोटगी देणाऱ्याला त्या रकमेची वजावट नाही, आणि रोजंदारीवाला विवरणपत्र भरतोच कुठे? इथे अडतं ते रेशनकार्डावर. तिचं नाव अजून सासरच्या कार्डात आहे. कर्नाटकातल्या 'गृहलक्ष्मी'चे महिना 2000 रुपये कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात, म्हणजे इथे सासूला. "हे कोर्टाचं काम नाही, पण आधी कार्ड वेगळं कर," बाई म्हणाल्या. माझ्या मते दिवसभरातला सर्वांत कामाचा सल्ला तोच.

पोटगी थकली असेल, तर वसुलीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नवरा गणेशचवथीला गावी आला की देईल, या भरवशावर महिने घालवू नका.