घाईखोर मित्राचा धबधबा

पावसाळ्यात कुडपणचे धबधबे पाहणाऱ्या एखाद्या चाळिशीतल्या माणसाला ‘कॉन्ट्रा’तला धबधबा नक्की आठवत असेल. कोनामीचा हा १९८७चा खेळ आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली कन्सोलवर पोचला. त्यात दोघे एकाच पडद्यावर उड्या मारत खेळायचे. धबधब्याच्या टप्प्यात पुढचा जसा चढेल तसा पडदा वर सरकतो. खालच्या कडेबाहेर राहिलेला मेलाच! शत्रूपेक्षा घाईखोर मित्रच घातक. म्हणून तर ‘थांब रे, मला येऊ दे’ ही आरडाओरड, आणि खरी मजा तीच.

जोडीने खेळायची हीच मजा २०२१च्या ‘इट टेक्स टू’ या खेळातही आहे; त्यात तर एकट्याने खेळायची सोयच नाही. (ही जरा दादागिरीच.) त्यातला नवरा खिळे फेकून रुतवतो, बायको त्यांना हातोडा अडकवून झोके घेत पलीकडे जाते.