पेंग्विन कुठे राहतात, हे विचारून काय कळतं?

समजा, मावळातल्या एखाद्या झेडपीच्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना ध्रुवीय प्रदेश शिकवायचा आणि त्यांना तो किती समजला हे तपासायचं, असा तुमचा छोटा अभ्यास आहे. प्रश्नावलीचा पहिला खर्डा बहुतेक असा होतो : पेंग्विन कुठे राहतात? ध्रुवावर रात्र किती महिन्यांची असते? मुलं ‘अंटार्क्टिका’, ‘सहा महिने’ असं धडाधड सांगतात. उत्तरचाचणीत गुण वाढतात, आलेख छान येतो. पण तुम्ही मोजलंत ते पाठांतर. थोडा टीव्हीसुद्धा.

यावरचं वाचन सुरू करायचं तर 1992 सालचा स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांचा पेपर घ्या. त्यांनी अमेरिकेत पहिली, तिसरी आणि पाचवीच्या मिळून 60 मुलांना पृथ्वीबद्दल विचारलं. पृथ्वी गोल आहे, हे मुलं सांगत होतीच. मग प्रश्न आला : सरळ चालत राहिलात तर कुठे पोचाल? कडा लागेल का? इथे पाठ केलेलं उत्तर कामाला येत नाही. काही मुलांच्या डोक्यातली पृथ्वी पोकळ गोळ्यासारखी निघाली, माणसं आत सपाट जमिनीवर राहणारी. अशा प्रश्नांना ‘जनरेटिव्ह’ म्हणतात. उत्तर आधी कुठे ऐकलेलं नसतं, तिथल्या तिथे तयार करावं लागतं. याच गटाने पुढे हैदराबादच्या मुलांचाही अभ्यास केला (1996), तिथे पाण्यावर तरंगणारी पृथ्वी भेटली.

पण एवढ्यावर थांबू नका. गॅविन नोब्ज, जॉर्जिया पानाजिओटाकी वगैरे मंडळींनी यावर जोरदार आक्षेप घेतले. मुलांना चित्र काढायला न लावता तयार चित्रांच्या कार्डांतून निवडायला सांगितलं, तर त्यांची उत्तरं बरीच बरोबर येतात. शिवाय तेच मूळ प्रश्न मोठ्या माणसांना दिले, तर त्यांचाही गोंधळ उडतो. म्हणजे दोष मुलाच्या समजुतीत की प्रश्नात? हा वाद मला या सगळ्या विषयातला सगळ्यात कामाचा भाग वाटतो. गाईडने विचारायच्या आधी तुम्हीच स्वतःला विचारा : माझं साधन बदललं तर माझा निष्कर्ष टिकेल का?

आता मावळात या. लोणावळ्याच्या मुलाचा गारठा ओला असतो. थंडी वाजते ती जुलैत, धुक्यात, भिजून. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस बघणाऱ्या या मुलाला विचारा : दक्षिण ध्रुवावर लोणावळ्यापेक्षा जास्त पडत असेल की कमी? ‘जास्त, म्हणून तर एवढा बर्फ’ असं तो म्हणाला, तर ते चुकीचं असलं तरी विचार करून दिलेलं उत्तर आहे. प्रत्यक्षात तिथे वर्षभरात पडलेलं हिम वितळवलं तर 100 मिलिमीटरही पाणी होत नाही. लोणावळ्यात जोराच्या पावसाच्या एका दिवसात याहून जास्त सहज पडतं. सरळ बाजूंची बरणी आणि मोजपट्टी घेऊन हे शाळेच्या अंगणात दाखवता येतं. मग खरा प्रश्न उभा राहतो : इतकं कमी पडतं, तर बर्फाचा थर सरासरी दोन किलोमीटर जाड कसा? समुद्रसपाटीपासून मोजलेले जवळपास दोन लोहगड एकावर एक! पडलेलं वितळत नाही, लाखो वर्षं साठत जातं, इथपर्यंत मुलांना स्वतःहून येऊ द्या. घाई करू नका.

कोडिंगला बसाल तेव्हा आणखी एक अडचण येईल. मराठीत फ्रीजमधला बर्फ, गोळ्यावरचा बर्फ आणि आकाशातून भुरभुरणारा बर्फ, सगळ्याला बोलताना एकच शब्द. ‘हिम’ पुस्तकात. ‘वरून बर्फ पडतो’ म्हणणाऱ्या मुलाच्या डोळ्यासमोर अवकाळीतल्या गारा असू शकतात. त्यामुळे उत्तर ‘बरोबर’ रकान्यात टाकण्याआधी ‘कसा असतो तो? हातात घेतला तर?’ हे विचाराच, आणि मूल बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. प्रमाण मराठीत सुधारून लिहिलंत की डेटा गेला.

उत्तरचाचणीत वर्गात न शिकवलेलाच प्रश्न हवा. मी हा सुचवेन : अंटार्क्टिकावर भारताचं ‘मैत्री’ नावाचं केंद्र आहे, तिथल्या लोकांना प्यायला पाणी कुठून मिळतं? (केंद्राजवळ गोड्या पाण्याचा तलाव आहे, प्रियदर्शिनी.) तलाव कुणाला माहीत असायची गरज नाही. ‘बर्फ वितळवून’ म्हणणारं मूल, ‘टँकरने’ म्हणणारं मूल आणि ‘पण वितळवायला गॅस कुठून आणतात?’ असं उलट विचारणारं मूल, या तिघांसाठी वेगळे कोड पायलटच्या वेळीच ठरवून ठेवा.